वरच्या काकांचं वाफेचं इंजिन

१२ जानेवारी, सकाळी ११.२०
आज अकराच्या सुमारास, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, माझं आयुष्य बदललं. वेळ लिहून ठेवलेली बरी. पुढे लोक विचारतील.

वरच्या काकांची मुलगी खोकं घेऊन खाली येत होती, मी दूध घेऊन वर. खोक्यात पितळी बॉयलर, एक चाक, सुटा सिलिंडर, स्क्रूंची पुरचुंडी. तिच्या वडिलांचं वाफेवर चालणारं इंजिन. खेळणं नव्हे, मॉडेल. काकांना ते लहानपणी कोणीतरी दिलं, आणि आत काय आहे ते बघायला त्यांनी त्याच संध्याकाळी खोललं. ते अजून खोललेलंच आहे. एकदाही चाललेलं नाही. ती म्हणाली, तुला असलं जमतं ना रे? मी म्हटलं, हे? दोन दिवसांत. तर म्हणाली, काही घाई नाही, सावकाश कर.

सावकाश कर! परक्याला कोणी असं म्हणत नाही. परक्याला 'कधी देणार' असं विचारतात.

दूध जिन्यातच राहिलं. आई घेऊन आली, बरंच बोलली.

१३ जानेवारी
ठरलं. इंजिन ज्या दिवशी फिरेल त्या दिवशी तिला सांगायचं. सगळं. त्याआधी एक अक्षर नाही.

बाबा म्हणाले, अर्धा इंजिनियर अर्धं इंजिन दुरुस्त करणार, म्हणजे हाती येणार पाव. दुर्लक्ष केलं. त्यांना कॉलेजचं अजून पचलेलं नाही. मी कॉलेज सोडलं, मला काढलेलं नाही, हा फरक या घरात कोणाला कळत नाही. वर्कशॉपच्या सरांनी माझा जॉब, म्हणजे मी घासलेला लोखंडी तुकडा, काटकोनात नाही म्हणून बाजूला फेकला. मी म्हटलं, सर, तुमचा गुण्याच वाकडा आहे. मग मी गुण्या फेकला. खिडकी बंद होती, त्याला माझा इलाज नव्हता.

१५ जानेवारी
दहाला बेल वाजली. दारात काका, स्वतःचं स्टूल घेऊन. वरून तिचा आवाज: बाबा, सावकाश बसून या हं!

एक वाजेपर्यंत बसले. विचारलं, पाना असा धरतात का? विचारलं, कॉलेजात हेच शिकवलं का? आई-बाबा काय म्हणतात? पुढे काय करणार? हे प्रश्न साधे नाहीत. हा इंटरव्ह्यू आहे. मुलीचे वडील असेच येऊन बसतात. तिनेच हे जमवून आणलंय आणि स्वतः अभ्यासाच्या नावाखाली वर थांबली. वकिलीचं शेवटचं वर्ष, एप्रिलमध्ये पेपर. हुशार मुलगी.

काका म्हणाले, घरात तोंड उघडायची सोय नाही. ती कलमं मोठ्याने पाठ करते आणि मी चूक दाखवली की चिडते. काकांना कायद्यातलं काही कळतं का, विचारलं. नाही म्हणाले. पण चूक ती चूक.

१९ जानेवारी
बॉयलर चकचकीत करायला बाथरूमच्या ॲसिडमध्ये बुडवून ठेवला होता. सकाळी काढला तर गुलाबी. काका म्हणाले, हे पितळ होतं. मी म्हटलं, तांबंच होतं, वर पितळेचा थर होता, तो गेला. काका म्हणाले, मी जन्मभर बघतोय. मी म्हटलं, जन्मभर थरच बघत होतात. त्यांचा आवाज चढला. माझा नाही चढला, तो मुळातच मोठा आहे. आई मध्ये पडली.

जाताना गाढव म्हणाले. आणि उद्या दहाला येतो म्हणाले.

संकल्प: रागवायचं नाही. भावी सासऱ्यांवर तर अजिबात नाही.

२० जानेवारी
रागावलो. पण कारण होतं.

२ फेब्रुवारी
दुपारभर वर तिच्या येरझाऱ्या. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि तोंडाने काहीतरी पुटपुटणं. तिचीही हीच अवस्था आहे तर. आई म्हणाली, पाठ करतेय पोरगी. मी विचारलं, बाबांशी लग्न ठरलं तेव्हा तू कधी अशा येरझाऱ्या घातल्यास का? आई म्हणाली, नाही, मी लग्नानंतर घालते.

१० फेब्रुवारी
आज पहिली चाचणी. वाफ जास्त झाली की बाहेर सोडणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, त्यातली स्प्रिंग काकांच्या शिंकेत उडाली. मी शांतपणे (खरंच) बाबांच्या बॉलपेनची स्प्रिंग काढून बसवली. पाणी भरलं, खाली स्पिरिटचा दिवा लावला. व्हॉल्व्ह पहिल्या मिनिटापासून फुसफुसत बसला, सगळी वाफ तिथूनच गेली, चाक जागचं हललं नाही. पेनची स्प्रिंग पेनच्याच लायकीची. बाबा संध्याकाळभर पेन झटकत होते.

११ फेब्रुवारी
दणकट स्प्रिंग बसवली. दिवा लावला. काका म्हणाले, पाणी कमी आहे. मी म्हटलं, पुरेसं आहे. काका म्हणाले, बॉयलरमध्ये अर्ध्याच्या वर लागतं. मी म्हटलं, अर्ध्याच्या वरच आहे. काका म्हणाले, तू मोजलंस का? मी म्हटलं, तुम्ही मोजलंत का? आमचं भांडण संपेपर्यंत आतलं पाणी संपलं. कोरडा बॉयलर तापला, जोडाला दिलेला कथलाचा डाग वितळला, आणि अख्खी शिवण थेंबाथेंबाने गॅलरीतल्या आईच्या टेबलावर उतरली. टेबलाला भोक. बॉयलरला भेग.

म्हणजे पाणी कमी होतं हे काकांचं म्हणणं आता बरोबर ठरलं. पण ते म्हणाले तेव्हा बरोबर नव्हतं.

तिला जिन्यात सांगितलं, वेळ लागेल. ती हसली. इतकी मनापासून हसली! म्हणाली, लागू दे रे.

२० फेब्रुवारी
भेग जोडायला फ्रिज दुरुस्तीवाल्याकडे गेलो. काका बरोबर. यावंच लागतं म्हणाले, बॉयलर त्यांचा आहे. दुकानाच्या दारातच फ्रिजांची दारं भिंतीला टेकवून ठेवलेली, आत काळे कॉम्प्रेसर रांगेने, मधे जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी जागा, तिथे आम्ही तिघं. फ्रिजवाल्याने विचारलं, हे काय आहे? काका म्हणाले, इंजिन. मी म्हटलं, मॉडेल. तो म्हणाला, फ्रिज नाही ना, मग गॅरंटी नाही. गॅसची ज्योत धरली आणि भेग झकास बुजवली. तिच्याबरोबर पाणी घालायचं भोकही बुजवलं. म्हणाला, गळतंय म्हणालात ना, आता कुठूनच गळणार नाही.

मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही. काकांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं. मग आत जाऊन तेच स्वतः बोलले.

येताना दोघांनी उसाचा रस घेतला. काकांनी बाहेरचं काही घेतलं, काकू गेल्यापासून पहिल्यांदाच, असं ते म्हणाले. मी मनात तिला काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होतो, नीट ऐकलं नाही.

५ मार्च
भोक पुन्हा पाडलं. पिस्टन मोकळा झाला. चाक बोटाने फिरतं. उद्या चालू!

ती स्वतः खाली आली, काकांना जेवायला बोलवायला. पाच मिनिटं टेबलाशी उभी. इंजिनाकडे बघत होती, म्हणजे माझ्याकडे बघायचा धीर होत नव्हता. विचारलं, म्हणजे आता संपलंच? चेहरा एवढासा झाला. मी म्हटलं, उद्या. ती म्हणाली, उद्याच? अरे, एकदा नीट तपास ना, काहीतरी राहिलं असेलच. चाकावरून हात फिरवत राहिली. विरह सहन होणार नाही, दुसरं काय.

आता बोलायलाच हवं. उद्या.

६ मार्च
खिळी गायब! पिस्टनचा दांडा चाकाला जिच्याने जोडतात ती. काडीपेटीतल्या काडीच्या गुलाएवढी, पण तिच्यावाचून सगळं लोखंड नुसतं शोभेचं. काल दुपारपर्यंत टेबलावर होती.

काकांना विचारलं, तुम्ही शिंकलात का? काका म्हणाले, तुझ्याच बाहीला लागून गेली असेल. मी म्हटलं, माझ्या शर्टाला बाह्याच नाहीत. काका म्हणाले, तेच सांगतोय, माणसासारखा शर्ट घालत जा.

७ मार्च
सगळी गॅलरी लोहचुंबकाने पिंजून काढली. मी रांगत, काका स्टुलावरून दिशा दाखवत.

८ मार्च
खिळी पितळेची होती. पितळ लोहचुंबकाला चिकटत नाही. हे मला कॉलेजात कोणी सांगितलं नाही. बरं झालं सोडलं.

२२ मार्च
खिळीच्या जागी आजवर लावून पाहिलेलं: खिळा (जाड), सायकलचा आरा (वाकतो), दाभणाचं टोक (काकांच्या बोटात गेलं), आईची विणायची सुई (आईला अजून माहीत नाही). काका रोज दहाला हजर. आता स्टूल आमच्याकडेच ठेवतात.

तिला जिन्यात गाठलं. विचारलं, अशी खिळी कुठे मिळेल, तुला काही कल्पना? म्हणाली, मिळेल रे, पेपर होईपर्यंत मिळेल. केवढा विश्वास आहे माझ्यावर!

१७ एप्रिल
तिचा पहिला पेपर. जिन्यात मुद्दाम उभा राहिलो. धावत खाली गेली, बघितलंही नाही. इतक्या ताणातही भावना लपवता येतात तिला.

काका अस्वस्थ. दाभण घासताना म्हणाले, पोरगी पास झाली की बाहेरगावी जाईल. मी म्हटलं, छे. कशावरून, विचारलं त्यांनी. मी म्हटलं, मला माहीत आहे. काकांचा चेहरा खुलला. सासरे-जावई म्हणून आमचं जमेल असं आज पहिल्यांदा वाटलं. मग त्यांनी दाभण मोडलं.

२८ एप्रिल, संध्याकाळी
सगळे पेपर संपले. ती खाली आली, माझा हात धरला (उजवा) आणि तळव्यावर खिळी ठेवली. म्हणाली, सॉरी रे, मीच नेली होती. आणि पळाली.

जवळजवळ दोन महिने तिने ती जवळ ठेवली. उशीखाली असणार. मुली वही ठेवतात, रुमाल ठेवतात. हिने माझ्या इंजिनाची खिळी ठेवली. यापुढे शब्दांची गरजच नाही. तरी उद्या बोलणार आहे. वाक्यं पाठ आहेत.

२९ एप्रिल
इंजिन चाललं.

पाणी अर्ध्याच्या वर. दोघांनी मोजलं. दिवा लावला. काकांनी तिला हाक मारून बोलावलं, आई-बाबाही आले. व्हॉल्व्ह गप्प, बॉयलर गुणगुणायला लागला. मी चाकाला बोटाने टिचकी मारली आणि त्याने वेग धरला. फटफटफट! उलटं फिरत होतं. पण फिरत होतं. काका म्हणाले, सुलटंच आहे, तू पलीकडून बघतोयस. मी म्हटलं, कुठूनही बघा. पण काकांना ऐकूच येत नव्हतं. चष्मा काढून पुसत होते, पुन्हा पुन्हा. वाफ आली म्हणाले. वाफ टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होती.

मी तिला गॅलरीच्या टोकाला नेलं. म्हटलं, मला तुला काहीतरी सांगायचं आहे. ती म्हणाली, मलापण, आधी मी सांगते.

एका मोठ्या वकिलांच्या ऑफिसात तिला जागा मिळालीय, दुसऱ्या शहरात. दोन तारखेला निघणार. आणि खिळीचं मनाला लावून घेऊ नकोस, म्हणाली. तुम्ही फारच लवकर संपवत होतात, बाबा वर आले असते तर मी नापासच होते. आई गेल्यापासून दर दहा मिनिटांनी खोलीत येतात, पंखा लावू का, काय वाचतेस, जेवलीस का. तुझ्यासोबत असले की मला तीन-तीन तास मिळायचे. कोणावर ओरडूही शकत नव्हते रे ते, आता तुझ्यावर ओरडतात आणि रात्री पोटभर जेवतात. तुझे उपकार विसरणार नाही.

मग म्हणाली, तू काय सांगणार होतास?

मी म्हटलं, चाक उलटं फिरतंय.

म्हणाली, अय्या, हो? मला वाटलं ते तसंच फिरतं.

३० एप्रिल
काही लिहावंसं वाटत नाही. काका येऊन तीनदा इंजिन चालवून गेले.

२ मे
नीट विचार केल्यावर लक्षात येतं की प्रेम वगैरे कधी नव्हतंच. मला यंत्रात रस होता. ती निमित्त.

सकाळी तिची बॅग टॅक्सीपर्यंत मीच उतरवली. जड होती, पुस्तकं असणार. काकांनी हात हलवला, टॅक्सी वळली तरी हलवत होते. मी वर आलो, इंजिन खोक्यात भरलं, वर चिंध्या कोंबल्या. संबंध संपला. आजपासून बेल वाजली तर उठायचं नाही. बाबांनी विचारलं, मग आता काय करणार? मी म्हटलं, खूप काही. तेवढ्यात दहा वाजले आणि बेल वाजली.

आईला खुणेने सांगितलं, घरात नाही म्हण. आई दार उघडून खणखणीत आवाजात म्हणाली, तो म्हणतोय तो घरात नाहीये. काका म्हणाले, मग बरंच झालं, काम बाहेरचंच आहे.

गेलो दारात. काका पायजम्यावर, पायात चपला नाहीत. त्यांच्यामागे वरचं दार ओढलं गेलं होतं. एक किल्ली आत, दुसरी तिच्या पर्समध्ये, पर्स टॅक्सीत. तिला फोन करावा तर फोनही आत. मी चिडून विचारलं, तुम्ही निघाला होतात तरी कुठे असे? काका माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, दहा वाजले ना.

मी म्हटलं, ते लॅचचं कुलूप ना, स्क्रू ड्रायव्हरने पाच मिनिटांत उघडतं. काका म्हणाले, तुला येतं का? मी म्हटलं, येतं का म्हणजे काय? काका म्हणाले, किल्लीवाल्यालाच बोलवावा. मी म्हटलं, तुम्हाला माझ्यावर विश्वासच नाही. काका म्हणाले, नाही. आईने त्यांच्यापुढे बाबांच्या चपला सरकवल्या.

मी स्क्रू ड्रायव्हर घेतला. दोन घेतले, एक काकांना दिला, नाहीतर माझ्या हातातला ओढतात. बाहेर पडलो. काका म्हणाले, दार रागाने ओढू नकोस. मी रागावलेलो नव्हतोच. आणि दार लावलं.