गैरहजेरीचे कारण

२ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि., आणि सोबतचा वैतागही गोड मानून घ्यावा.

माझ्या प्रबंधाची तोंडी परीक्षा शनिवारी होती. त्या दिवशी आम्हा ज्यूंचा शब्बाथ असतो, कामच काय, लिहिणंही वर्ज्य, दिवस बदला, असा अर्ज केला. आज परीक्षा विभागाचे हेडक्लार्क जिना चढून आले आणि मोठ्या कौतुकाने म्हणाले की खास तुमच्यासाठी शनिवार टाळला, आता शुक्रवारी संध्याकाळी पाचला या! शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्तालाच सुरू होतो, असं सांगितलं. तुमचा शनिवार शुक्रवारीच सुरू होतो त्याला विद्यापीठ काय करणार, म्हणाले.

बोलायला बंदी नाही, तेव्हा परीक्षा देईन. पण शेवटी हजेरीपटावर सही लागते, आणि तोवर अंधार पडलेला असेल. लिहिणार कसा? आधी सही करतो म्हटलं, तर ते नियमात बसत नाही. महिनाअखेर निकाल लागला नाही तर व्याख्यात्याची जागा हातची जाईल. डोकं उठलंय नुसतं. बाबांना इतक्यात सांगू नकोस.

लोभ आहेच, या महिन्यात जरा जास्त असू दे.
तुझा धाकटा

८ डिसेंबर

ती. ताईस सा. न.

अडीच तास परीक्षकांनी माझी पिसं काढली. त्यांतल्या सगळ्यात खडूस बाई शेवटी चक्क हसल्या. मग हजेरीपट पुढे आला. सोमवारी सकाळी पहिलं काम हेच करीन, असं मी सांगितलं.

आज गेलो तर माझ्या नावापुढे लाल शाईत 'गैरहजर'! मग अडीच तास छळलं कोणाला, असं विचारलं. आमच्या लेखी कोणालाच नाही, असं उत्तर मिळालं. माझे मार्गदर्शक सर म्हणतात, नुसतं पेन टेकवायचं होतंस. आता फेरपरीक्षेचा अर्ज. त्यात 'गैरहजेरीचे कारण' असा रकाना आहे. हेडक्लार्कनी हळूच सुचवलं की आजारपण लिहा, याच महिन्यातला सोमवार देतो.

तूच सांग, काय करू?
तुझा धाकटा

११ डिसेंबर

चि. पंडितास,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

ताप लिही आणि मोकळा हो! औषधांच्या दुकानात अर्धा जन्म गेला माझा, सर्टिफिकेटाची काळजी तू करू नकोस.

माझ्या पोटात राहिलं नाही, बाबांना पत्र दाखवलं. वाटलं, खूश होतील. उलट भडकलेच. सही करायची नाही हे मीच शिकवलं, पण नोकरी घालव असं कधी शिकवलं, म्हणाले आणि ताटावरून उठले. थोड्या वेळाने येऊन म्हणाले, त्याला कळव, ताप लिहिला तरी चालेल. खोट्याला बाबांनी 'चालेल' म्हटलेलं मी आजवर ऐकलं नव्हतं. तेव्हा उगाच ताणू नकोस.

जिवाला जप, उलट टपाली कळव.
तुझी ताई

१५ डिसेंबर

ती. ताईस सा. न.

अर्ज दिला. आधी पेन्सिलीने 'ताप' लिहिलं होतं. मग खोडून शाईने लिहिलं: मी हजर होतो, सूर्य मावळला होता म्हणून सही केली नाही. हेडक्लार्कनी दोनदा वाचलं आणि हे गैरहजेरीचं कारण होत नाही म्हणाले. मी म्हटलं, नाहीच होत. अर्ज नामंजूर झाला, जागा गेली. जिन्यात बसून रडलो, तुझ्यापासून काय लपवायचं?

बाबांना सांग, मी त्यांच्यावर रागावलेलो नाही. पण त्या अडीच तासांत मी जितका हजर होतो तितका आजवर कुठेच नव्हतो, ताई. तिथे मी नव्हतोच, हे माझ्या हाताने लिहून देणं मला जमलं नाही.

तुझा धाकटा