वरच्या वळणावरची कालवं

आई, ओट्यावर आपण दोघी कालवं फोडत बसायचो. तू शिंपला उघडून मांस वाडग्यात टाकायचीस, रिकामा शिंपला माझ्याकडे द्यायचीस, मी तो धुऊन पत्र्यावर वाळत घालायची. चुनाभट्टीवाला शिंपले मागायला यायचा, त्याला तू ते कधीच दिले नाहीस. पावसाआधी ते जुन्या जाळ्यांत भरून खाडीच्या मुखाशी खडकांवर बांधून ठेवायचीस. कालवाचं पिल्लू चिखलात जगत नाही, त्याला बसायला टणक पाठ लागते, हे मी तुझ्याकडून शिकले. कॉन्व्हेंटात सिस्टर तेच शिकवू लागल्या तेव्हा मला येत असूनही मी हात वर केला नाही. कुठे शिकलीस, असं त्यांनी विचारलं असतं.

पुढे बोईसरला कारखाने आले आणि मला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. सरावलीला भाड्याची खोली, शिफ्टची बस, रविवारी घरी. त्याच वर्षांत आपल्या खाडीच्या वरच्या वळणावर कारखान्यांच्या नाल्याचं पाणी उतरू लागलं आणि तिथले बोइट मासे, चिंबोऱ्या कमी झाल्या. तू आणि शेजारच्या चार बायांनी ठरवलं, तिथे शिंपल्यांचा मोठा बांध घालायचा. कालवं दाट बसतात तिथलं पाणी निवळतं, मग मासळी परत येते, हे तुम्ही मुखाशी पाहिलेलं होतं. पण पाणी फारच खराब असलं तर पिल्लं मरणार आणि तीन वर्षं साठवलेले शिंपले फुकट जाणार. म्हणून तू माझ्या हातात औषधाची रिकामी बाटली दिलीस. "तू शिकलेली हायस. पानी बघून सांग, कालवं जगतील का नाय. तू सांगशील तसंच करू."

ते पाणी ओहोटीला घ्यायला हवं होतं. भरतीला समुद्र वर चढतो आणि सगळं स्वच्छ दिसतं. ओहोटीला वळणावर उरतं ते नाल्याचंच पाणी. हे मला कळत होतं. पण ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरावं लागतं, आणि मला लगेच सोमवारची बस गाठायची होती, इस्त्रीच्या साडीत. मी भरतीला धक्क्यावर उभी राहून वाकले आणि बाटली भरली. तपासणी चांगली आली. पुढच्या रविवारी तुला सांगितलं, जगतील.

तुम्ही पाच जणी पंधरा दिवस प्रत्येक ओहोटीला टोपल्या वाहत होतात. पावसानंतर शिंपल्यांवर नखाएवढी कालवं बसली. एक तू मला तळहातावर ठेवून दाखवलंस. शिमग्यापर्यंत सगळी तोंड उघडून मेलेली. धक्क्यावर मावशी, त्या चौघींतलीच एक, सगळ्यांदेखत म्हणाली, "लेकीची बाटली फुटकी व्हती वाटतं." बाया हसल्या. तू म्हणालीस, "तिचं बरोबर व्हतं. जागा मीच चुकीची धरली." माझ्याकडे पाहिलं नाहीस.

त्या उन्हाळ्यात तुम्ही मेलेले शिंपले उपसून, धुऊन मुखाशी नेले आणि बांध तिथे घातला. मी रविवारी यायची आणि काठावर टोपल्या धरून उभी राहायची. बाटली कधी भरलीस, हे तू मला कधीच विचारलं नाहीस. आता वाटतं, तुला ठाऊक होतं. भरती-ओहोटीची वेळ तुला घड्याळाशिवाय कळायची, आणि मी कोरड्या पायांनी परत आले तेव्हा तू अंगणातच होतीस.

मुखाशी तो बांध अजून आहे. ओहोटीला उघडा पडतो, आजूबाजूचं पाणी तळ दिसेल इतकं नितळ असतं, बोइटांची पिल्लं कडेने फिरतात. वरचं वळण तसंच काळं आहे.

मी गेल्यावर अंगणातले वाळलेले शिंपले मावशीच्या सुनांना द्यावेत. पावसाआधी बांधावर टाकायला, भट्टीला नाही. प्रयोगशाळेतली माझी वही भाचीला. त्यात त्या दिवसाच्या पानावर 'पाणी योग्य' लिहिलं आहे, त्याखाली 'भरतीचं' एवढा शब्द मी परवा लिहिला. हे पत्र मावशीला. पाचांतली ती एकटीच उरली आहे. तिला वाचता येत नाही, म्हणून भाचीने ते तिच्यापुढे बसून सगळं वाचावं, चिखलाचं आणि साडीचंही.

मावशी चार घरं सोडून राहते. काल मी तिच्याकडे गेले होते. चहा घेतला, तिच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि परत आले.