मोठ्या ड्रमचे दोन ठोके

मास्तर, तुम्ही चुकलात. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुमच्याबद्दल लिहायला बसलं की मी मऊ पडते आणि भलतंच गोडगोड लिहून जाते. तुम्हाला जाऊन पंचवीसेक वर्षं झाली असतील, आणि एवढ्या वर्षांत मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडले नाही असा एक महिना गेला नसेल. कल्याणच्या आपल्या कॉलेजात आज मी तुमच्या जागेवर आहे. बँडची संचालक म्हणून दारावर माझी पाटी आहे, इतर कॉलेजं मला पाहुणी म्हणून बोलावतात, शाल-श्रीफळ देतात. तुम्हाला पाटी नव्हती. खेळाच्या सामानाच्या खोलीत, व्हॉलीबॉलच्या जाळ्यांशेजारी तुमची खुर्ची होती. लष्कराच्या बँडमध्ये वीस वर्षं काढलेला माणूस तुम्ही, पण स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत तुमचं नाव मांडववाल्याच्या खाली छापायचे. तुम्ही ती पत्रिका घडी घालून खिशात ठेवायचात आणि म्हणायचात, "छापलं ना? मग झालं." मला तेव्हाही राग यायचा.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मुलीने बँडमध्ये यायचं तर झांज नाहीतर ट्रँगल, असा रिवाज. मी मोठा ड्रम मागितला तेव्हा पोरं फिदीफिदी हसली. तुम्ही हसला नाहीत. "खांदे बघू," म्हणालात, लांबूनच बघितलंत आणि "चालतील" म्हणून मोकळे झालात. ड्रमचा पट्टा पुरुषी मापाचा, माझ्या मानेला काचायचा. आठवड्याने तुम्ही नवा पट्टा आणलात. चामडं कापून शिवलेला, आत तुमच्या जुन्या गणवेशाच्या लोकरीची गादी. कुणी काही विचारू नये म्हणून माझ्या अंगावर तो जवळजवळ फेकलात. मला कुणी काही दिलं असेल तर ते एवढंच, असं मी आजही छातीठोकपणे सांगते.

मानपाड्याच्या तुमच्या चाळीत, काकूंच्या स्वयंपाकघरात मी खरी शिकले. काकू आमटीसाठी चिंच भिजत घालतात, आणि तुम्ही त्यातली अर्धी उचलून कर्ण्यांचं पितळ घासायला घेता. "आज आमटी मिळमिळीत लागली तर कुणाला बोलायचं ते बघून ठेव गं," काकू मला म्हणतात. तुम्ही ऐकलं नाही असं दाखवता. तिथेच ओट्याशी उभं राहून तुम्ही मला दोन ठोक्यांचा नियम सांगितलात. चालत्या बँडमध्ये मागच्या रांगेला मास्तरची काठी दिसत नाही. मग थांबायचं कसं? मोठ्या ड्रमने लागोपाठ दोन दणदणीत ठोके मारायचे. ते ऐकले की चालू असलेली ओळ पुरी करायची आणि सगळ्यांनी एकदम थांबायचं. "डोळा चुकतो, कान चुकत नाही," म्हणालात. "हा ड्रम म्हणजे लगाम आहे, पोरी. उगाच खेचायचा नाही." तीन वर्षं तुम्ही ते आमच्या हाडात भिनवलंत. कारखान्यांच्या वासाने नाक झोंबत असतानाही मैदानावर फेऱ्या, आणि चौदा एप्रिलला तुमच्या वस्तीच्या मिरवणुकीत आमच्यातली निम्मी पोरं तुमच्या मागे. झोपेत कुणी दोन ठोके मारले असते तरी आमचा बँड थांबला असता.

आणि मग विद्यापीठाच्या स्पर्धेला सहा दिवस उरले असताना एक पाहुणे संचालक आले. मुंबईचे, परदेशी जाऊन आलेले, मोठं नाव. प्राचार्यांनी तुम्हाला आदल्या संध्याकाळी सांगितलं, तेही जिन्यात. तुम्ही बसवलेला बँड, पण स्पर्धेत काठी त्यांच्या हातात. तुम्ही काय केलंत? त्यांच्यासाठी स्वतःची खुर्ची पुसलीत. पाहुण्यांनी स्वतः बसवलेली रचना आणली होती. चांगली होती, खोटं कशाला बोलू. पण तिच्या ऐन मध्यावर मोठ्या ड्रमचे दोन जोरदार ठोके लिहिलेले, लागोपाठ. पहिल्याच तालमीत मी ते मारले आणि ओळ संपताच अख्खा बँड गप्प. पाहुणे चक्रावले. तुम्ही पुढे होऊन समजावू लागलात, तर ते हात वर करून म्हणाले, "मास्तर, आपण मंचावर वाजवणार आहोत, रस्त्यावर नव्हे. हे मिरवणुकीचे संस्कार आधी पुसून काढावे लागतील." पोरांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही जमिनीकडे.

नंतर मला बाजूला घेऊन तुम्ही हळूच म्हणालात, "पहिला ठोका मार. दुसरा नुसता टेकव." पाच दिवस तसंच चाललं. बँड थांबला नाही, पाहुण्यांना वाटलं त्यांनी सुधारणा केली. शेवटच्या संध्याकाळी, सामान आवरत असताना, त्यांच्या लक्षात आलं. "ड्रमवाल्या मुली, तुझा दुसरा ठोका कुठे जातो? उद्या मला दोन्ही हवेत. कागदावर आहेत तसे." मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही फक्त मान हलवलीत, म्हणजे ते सांगतील तसं.

मास्तर, दुसऱ्या दिवशी जे झालं ती चूक नव्हती. सगळे चूक म्हणाले, मी म्हणू दिलं. माझ्याकडे अख्खी सकाळ होती. एका वाक्याचं काम होतं, "पोरांनो, आज दोन ठोक्यांवर थांबू नका." मी कुणालाही सांगितलं नाही. सभागृह भरलेलं, परीक्षक पहिल्या रांगेत, आणि कागदावर होते तसे दोन ठोके मी खांद्यातून मारले. ओळ संपली आणि बेचाळीस पोरं थांबली. काय थांबली, मास्तर! एकाचाही सूर मागे लोंबला नाही. इतकं एकजीव थांबणं मी नंतर कुठल्याही मंचावर ऐकलेलं नाही, माझ्या स्वतःच्या बँडचंसुद्धा. पाहुण्यांची काठी तेवढी दोन क्षण हवेत हलत राहिली. मागून कुणीतरी हसलं. मला तेव्हा आनंद झाला होता आणि तो मी आज लपवणार नाही. तुमचं शिकवणं त्या दिवशी सगळ्यांनी कानांनी ऐकलं, भले त्याला ते अपयश म्हणोत.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. प्राचार्यांनी तुम्हाला खोलीत बोलावलं. पाहुण्यांसमोर कॉलेजचं नाक कापलं गेलं, म्हणाले, आणि त्या मुलीने हे मुद्दाम केलं का, असं स्पष्ट विचारलं. तुम्ही म्हणालात, "चूक माझ्या शिकवण्याची आहे साहेब. पोरीची नाही." झालं. पुढच्या सत्रात तुमची खुर्ची गेली. पाहुणे मानद संचालक झाले, पंधरवड्यातून एकदा यायचे, वर्षभरात त्यांनाही दुसरीकडचं बोलावणं आलं आणि ते गेले. एका माणसाची पायरी झाली, दुसऱ्याची भाकरी गेली. तुम्ही लग्नाच्या बँडमध्ये लाल कोट घालून उभे राहिलात. कल्याणात एका वरातीत मी तुम्हाला पाहिलं. तुम्हीही पाहिलंत, आणि मग पाठ वळवून पोरांना पुढची चाल दिलीत.

मी मानपाड्याला भांडायलाच आलेले. काकूंनी चहा टाकला होता. "तुम्ही 'चूक माझी' का म्हणालात?" मी उंबऱ्यातूनच विचारलं. तुम्ही कप खाली ठेवलात. "तू पाहुण्याला पाडलंस. ते मला कळलं नाही असं समजू नकोस. काठी ज्याच्या हातात, त्याचं ऐकायचं आणि त्याला सांभाळायचं. बँड असाच चालतो."

"त्यांनी तुम्हाला सांभाळलं?"

"तो त्यांचा प्रश्न."

"अहो, पोरीला चहा तरी घेऊ द्या," काकू म्हणाल्या. मी चहा न घेता निघाले. जिवंतपणी आपलं ते शेवटचं धड बोलणं.

नाही पटत मला, मास्तर. तेव्हा नाही पटलं, आजही नाही. बँड असा चालत असेल तर तो तसा चालू नये. मी कुठे पाहुणी म्हणून गेले की आधी तिथल्या मास्तरांना शोधते. कधी ते मैदानावर असतात, कधी कँटीनमध्ये. त्यांना विचारते, तुमची पोरं कशावर सुरू होतात, कशावर थांबतात, मला सांगा. पत्रिकेत त्यांचं नाव माझ्या वर नसेल तर मी मंचावर चढत नाही. परवाच एका संयोजकाने "मॅडम, प्रोटोकॉल असतो हो" म्हटलं, मी गाडी वळवायला सांगितली, तासाभरात नवी पत्रिका आली. खवचट म्हणतात मला, म्हणू देत. तुमच्यासारखं वागून कुणाचं भलं झालं? तुमचं झालं नाही. तुम्ही वाकलात म्हणून त्यांनी तुमच्यावर पाय दिला. हे मी तुम्हाला तोंडावर सांगायला हवं होतं.

काकू अजून मानपाड्याला असतात, दिसत नाही फारसं. मागच्या महिन्यात म्हणाल्या, "त्यांना काही लिहिलंस तर मला वाचून दाखव." म्हणून हे लिहायला घेतलं. पण त्यांना वाचून दाखवणार नाही, आणि का नाही तेही इथेच लिहून ठेवते. प्राचार्यांच्या खोलीत तुम्ही जे बोललात ते मला शब्दन् शब्द कसं माहीत, हे तुम्ही त्या दिवशी विचारलं नाहीत. मी दाराबाहेर बाकावर बसले होते. प्राचार्यांच्या सहीचं शिफारसपत्र मला त्याच आठवड्यात मिळायचं होतं, पुढच्या शिक्षणासाठी, आणि आजची माझी पाटी त्याच पत्रामुळे आहे. तुम्ही आत "चूक माझी" म्हणालात तेव्हा शिपायाने दार अर्धं उघडून मला विचारलं, "ताई, तुम्हाला पण आत जायचंय का? साहेब तुमचंच विचारतायत." मी म्हणाले, "नाही, मी सहज आलेले," आणि तुम्ही बाहेर यायच्या आत जिना उतरून गेले.