कुंपणालगतचे अठरा एकर

नाना, काल दुपारी तुम्ही पुन्हा बांधावरून चालत गेलात. डोक्यावर काळी छत्री, काखेत दप्तर, आणि मागे वळून बघायचं नाही. या स्वप्नात मी नेहमी दहा वर्षांची असते, कॉन्व्हेंटचे काळे बूट ढेकळांत रुततात, आणि तुमच्यात आणि माझ्यात एका शेताचं अंतर राहतं ते राहतंच. जाग आली तेव्हा धुळ्याच्या या दोन खोल्यांत पंखा फिरत होता आणि टेबलावर कलेक्टरांच्या नावाचा अर्ज पडला होता. तो अर्ज कशाबद्दल आहे, हे आधी तुम्हाला सांगावं असं वाटलं. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, पण जमिनीच्या बाबतीत मला अजून दुसरं कोणी सुचत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत जळगावच्या वसतिगृहातून घरी आले की तुमची तलाठ्याची कामं मी माझ्या वळणदार अक्षरात करत असे. एकदा तुम्ही निंबाखाली मला वही देऊन पलीकडच्या शेतात काय उभं आहे ते बघून लिही म्हणालात. ऊन मी म्हणत होतं. मागच्या पानावर कापूस होता, मी बसल्या जागी कापूस लिहिलं. तुम्ही वही बघितली, मला उठवलंत आणि त्या बांधापर्यंत चालवत नेलंत. उन्हाळी तीळ होता, गुडघ्याएवढा, पांढऱ्या फुलांचा. "जे दिखस तेच लिख, बेटा," तुम्ही म्हणालात. बस, एवढंच. वसतिगृहातल्या सिस्टरांनी पट्टीनं मारलेलं मी विसरले, हे नाही विसरले. त्या संध्याकाळी तुम्ही मला तुमचं पितळी कडीचं भिंग दिलंत. ते आत्ता या कागदावर आहे, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

श्रावणात कानबाईच्या रोटांना, कुळाच्या जेवणाला, मी गावी गेले होते. मी लग्न केलं नाही, त्यामुळे कुळाच्या रोटावरचा माझा हक्क कधी सुटला नाही, आणि हे धाकट्या भावाची बायको दरवर्षी पाहुण्यांना इतक्या कौतुकानं सांगते की घास घशात अडकावा. जेवण झाल्यावर मी आपल्या दोन एकरांकडे गेले. तिथून पुढे माळ, आणि माळाच्या टोकाला संरक्षण खात्याचं दारूगोळ्याचं कोठार, तुमच्या वेळेपासूनचं. लहानपणी आम्हाला तिकडे बोट दाखवायचीही बंदी होती. मधले अठरा एकर खालच्या आळीतल्या म्हाताऱ्याचे. तिथे आता जाळीचं कुंपण आहे. फाटकावर केळीच्या घडाचं चित्र असलेली पाटी, आत पत्र्याचं उंच पॅकिंग हाउस. नाना, त्या कोरडवाहू माळावर केळी! केळी रावेरकडे, जिथे पाणी आहे. इथे तर कुसळंही उसनी आणावी लागतात. आत ना ट्रॅक्टर, ना घड, ना एक बाई कामाला. आणि त्या इमारतीला तीन बाजूंनी एक खिडकी नाही, चौथ्या बाजूला ओळीनं आठ. सगळ्या कोठाराकडे. माडीवर काहीतरी तिपाईवर उभं करून कापडानं झाकलेलं. फाटकावरचा माणूस मला हिंदीत म्हणाला, माताजी, आगे बढ़ो. माझ्या बापानं मोजलेल्या जमिनीवरून.

मी तिथेच बांधावर बसून मोबाइलवर त्या अठरा एकरांचा सातबारा उघडला. पीक म्हणून केळी लिहिली होती. कोणीतरी निंबाखाली बसून लिहिली असणार. मग मालकाचा, भोगवटादाराचा रकाना बघितला. तिथे धाकट्याचं नाव होतं. त्याच्याखाली माझं.

पुढचे दोन महिने मी तेच केलं जे आयुष्यभर केलं, कागद मागवले. खरेदीखत, कुलमुखत्यारपत्र, मग कंपनीचे कागद. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, म्हणून तुमच्या दोन एकरांच्या जोरावर शेतकरी असलेल्या आम्हा भावंडांना पुढे केलं गेलं. जमीन आमच्या नावावर, तिचे सगळे अधिकार मुंबईच्या एका कंपनीला. त्या कंपनीची मालक दुसरी कंपनी, आणि तिची मालक परदेशात, समुद्रातल्या कुठल्याशा बेटावर, जिच्या पत्त्यात घर नाही, रस्ता नाही, नुसता टपालपेटीचा नंबर. मागे कोण आहे ते मला कळलेलं नाही. पण केळी विकणारा नाही, एवढं मी भिंगाशिवाय सांगते.

धाकट्याला बोलावलं. तो आला, खुर्चीच्या कडेवर बसला, आणि आधी चहा चांगला झालाय म्हणाला. मी कागद पुढे ठेवले. त्यानं ते उचललेही नाहीत. पडीक जमीन होती, म्हातारा विकायलाच निघाला होता, मुंबईची माणसं सभ्य होती, असं बरंच काही सांगत राहिला. मी विचारलं, कोठाराचं काय? तेव्हा तो घरच्या बोलीवर आला.

"अक्का, आपले काय करनं शे? आपण काय चोरी करी का?"

मी म्हटलं, चोराला शिडी धरणाऱ्याला आपल्या गावात काय म्हणतात ते मला आठवतंय, तुला आठवतंय का? त्यानं कप बाजूला सारला. मग हळूच म्हणाला, "अर्ज दिधा तं पहिले आपले दोन्हीसले बोलावतीन. तुनं पेन्शन, मन्हं घर. नानानं नाव." दारातून जाताना त्यानं माझ्या पायांना हात लावला. असं तो फक्त भाऊबीजेला करतो.

अर्ज मी त्याच रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, उजेडात लिहिला. त्यात एक वाक्य आहे: माझ्या भावानं हक्कसोडपत्र असल्याचं सांगून माझी सही फसवून घेतली. वाक्य चांगलं आहे. मला वाचवतं. त्यानं तुमच्या दोन एकरांचं हक्कसोड म्हटलं होतं हेही खरं. बहिणीनं हक्क सोडायचा आणि सोडताना कागद वाचायचा नाही, वाचला तर भावावर अविश्वास दाखवला, अशी आपल्याकडची रीत. ज्या बायका डोळे मिटून अंगठे द्यायच्या, त्यांना मी नोंदणी कार्यालयात तीस वर्षं झापलं. तुम्ही ऐकलं असतंत तर म्हणाला असतात, इतकं तोडून बोलू नये.

आणि सहीच्या दिवशी मी स्वतः त्याच कार्यालयात गेले होते. माझ्याच जुन्या टेबलासमोर मला खुर्ची दिली, चहा आला, मॅडम मॅडम झालं. खालच्या आळीतला तो म्हातारा कोपऱ्यातल्या बाकावर बसला होता, मला वाटलं दुसऱ्या कुठल्या कामाला आला असेल. फोटो काढला, अंगठा घेतला. साहेबांनी नियमाप्रमाणे विचारलं, "दस्त वाचलात ना?" हाच प्रश्न मी हजारोंना विचारला होता, आणि समोरच्याची नजर जरा हलली तरी कागद परत केला होता.

मी हो म्हटलं.

म्हणजे फसवणूक तिथे संपते, नाना. माझ्या पुढ्यात कापूस होता की तीळ, ते मी उठून बघितलं नाही. सिस्टर सांगत, चूक खरडून काढू नका, एकच सरळ रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. आज सकाळी मी त्या वाक्यावर तशी रेघ मारली, शेजारी सही केली, आणि वर लिहिलं: मी न वाचता सही केली. उद्या बसनं न जाता चालतच कचेरीत जाईन. तुमचं नाव त्या कागदांत येईल. त्याला माझा इलाज नाही.

अर्जात जे लिहिता येत नाही ते इथे लिहिते, आणि हा कागद भिंगाखालीच ठेवते. सहीच्या त्या दिवशी धाकटा मला न्यायला गाडी घेऊन आला होता. खाली उभा राहून त्यानं अक्का म्हणून हाक मारली, शेजारच्या बायका गॅलरीत आल्या. मला घ्यायला कोणी आलं, याला फार वर्षं झाली होती. दस्त हातात होता, चष्मा पर्समध्ये होता. मी काढला नाही.