तरवडाला हात लावू नका

अहो,

आज अचानक सकाळची पाळी लागली. मैत्री शेजारी भीमाआत्यांकडे आहे, आल्या आल्या तिला घरी आणा. भाकरी आणि शेंगाचटणी झाकून ठेवली आहे. मी दवाखान्यातून तीनला सुटेन, तोवर तुमची पुण्याची गाडी निघालेली असेल.

एक सांगायचं राहून गेलं होतं. एप्रिलात जयंतीला आलात तेव्हा भिंतीकडचं सगळं तुम्ही घामाघूम होऊन उपटलंत आणि म्हणालात, "बघ, अंगण कसं लख्ख झालं की नाही!" मी छान म्हणाले. ते तण नव्हतं हो. माहेरी केमला गेले तेव्हा माळावरून बी आणून मी तरवड लावला होता. दुसऱ्या दिवशी भुंगे येऊन रिकाम्या भिंतीपाशी घुटमळत राहिले. तुम्हाला एकच दिवस मिळतो, त्यात रुसायचं कुठं, म्हणून बोलले नाही.

तुमच्यानं मूळ काही निघालं नव्हतं. तरवड पुन्हा फुटलाय, पिवळाधमक फुललाय. पानं कुरतडलेली दिसतील, तरी औषध मारू नका. त्या हिरव्या अळ्यांची फुलपाखरं होणार आहेत, मैत्री त्यांना रोज बघून येते. दहाच्या उन्हात भुंगे येतात, तेव्हा तिला घेऊन पायरीवर बसा. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी तिथंच बसतो.

नळापाशी गाजरगवत लई माजलंय. ते मात्र उपटायचंच आहे, पण आज नको. मी मुद्दाम ठेवलंय. दोन दिवसांची रजा काढून या, दोघं मिळून उपटू.

तुमची सुमेधा