पाकिटावरची गोदाआजी

नवीन पनवेल
४ मे २०२५

ती. मालूबाय हिच्या सेवेशी, काशीरामचा शि. सा. न. वि. वि.

इकडे मी, धनेश आणि सूनबाई मनिषा सगळे ठीक आहोत. ठीक म्हणजे माझा गुडघा सोडून, आणि कालपासून छातीत धडधडतं ते सोडून. डॉक्टरकडे गेलो नाही, कारण धडधडण्याचं कारण मला माहीत आहे. फोन केला असता, पण फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडलो तर सगळ्या सोसायटीला ऐकू येतं. ही गोष्ट सोसायटीने ऐकण्यासारखी नाही.

विचारायचं असं, की तू धंदा सुरू केलास का? केला असशील तर आनंदच आहे. फक्त सख्ख्या भावाला कळवायचं होतंस. आणि नाव का बदललंस? आईने ठेवलेलं मालू हे नाव काही वाईट नव्हतं. पोलिसांचं काही लचांड तर नाही ना? मी कोणाला सांगणार नाही, पण मला सांग.

नीट लिहितो. काल माझ्या नावाने एक पाकीट आलं. मीच मोबाइलवरून मागवलं होतं, घरात कोणाला न सांगता. आत सुके बोंबील. जाहिरातीत लिहिलं होतं, की हे करंजाचे, वलांडीच्या बांबूंवर उन्हात वाळवलेले, मीठ न लावलेले, गोदाआजीच्या हातचे, आणि वास बाहेर न येणारे. मोबाइलवर त्या आजीचा फोटो तांदळाच्या दाण्याएवढा होता. पाकिटावर तो चांगला वीतभर आहे. मी चष्मा लावून पाहिला आणि खाली बसलो. गोदाआजी म्हणजे तू. तेच हिरवं लुगडं, तोच पुढचा पडलेला दात, मागे तुझी बोंबील टांगायची वलांडी. खाली छापलं आहे, की वय पंच्याऐंशी, पाच पिढ्यांचा वारसा, आजही गोदाआजी हसतमुखाने प्रत्येक बोंबील स्वतः निवडतात.

बाय, तू त्यात हसत नाहीस. मी तुला जन्मापासून ओळखतो. तोंड असं उघडं आणि उजवा हात असा वर, म्हणजे तू कोणाला तरी शिव्या देते आहेस.

आणि रागावू नकोस, पण माल चांगला नाही. एकाही बोंबलाला डोकं नाही, अंगावर मिठाचा थर आहे. तुझ्या हातून असा माल जायचा नाही. म्हणून जास्त काळजी वाटते. डोळे तपासून घे.

लोभ आहे तो राहू दे, आणि कोर्टकचेरीचं काही असेल तर मला आधी कळव, म्हणजे मी आधीपासून घाबरून ठेवीन, ही विनंती.

तुझा
काशीराम


करंजा
९ मे २०२५

चि. काशीराम यास मालूबायचे अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा तुला मारायला पनवेलला यावं असं वाटलं, पन एसटीच्या पायऱ्या चढवत नाय. साक्षरतेच्या वर्गात बाईंनी मला लिहायला शिकवलं ते याच दिवसासाठी. तोंडाने बोलले असते तर तू मधेच रडला असतास.

धंदा नाय, बिंदा नाय. गेल्या माघात दोन पोरं कॅमेरा घेऊन वलांडीशी आली. वाकून जा म्हटलं तर ऐकलं नाय. एकाचं डोकं बांबूला लागलं आनि माझे दोन दांडे भरून बोंबील वाळूत पडले. तवा मी जे बोलले ते पाकिटावर छापलं असतं तर कोनी पाकीट घरात घेतलं नसतं. नेमका तवाच मेल्याने फोटो काढला. वर मला सांगतो, की आजी, लय नॅचरल आलाय. कशासाठी काढला ते विचारलं तर म्हनाला, असाच.

आता गोदा कोन? गोदा माझी जाऊ. तिचं नि माझं कधी एक दिवस पटलं नाय हे तुला ठाऊक हाय. ती गेली, आनि आता तिचं नाव माझ्या तोंडाखाली लिहिलं? आनि पंच्याऐंशी? मला शहात्तर पुरी नाय. बंदरावर ही गोष्ट पसरली तर मासळीच्या लिलावाला गेले की मला बसायला खुर्ची देतील. एकदा खुर्ची दिली की बाईचा भाव संपला, मंग कोन बोलीला विचारत नाय.

बोंबलाला डोकं नाय म्हंजे तो वलांडीवर चढलाच नाय. आमी दोघांची तोंडं एकमेकांत अडकवून जोडी टांगतो. डोकं नसेल तर काय शेपटीला गाठ मारायची? आनि बोंबलाला मीठ लावतो का कोनी? तू शेतीच्या गावात वाढलास म्हनून काय झालं, इतकी वर्षं माझे खाल्लेस, तुला कळायला नको?

आता माझं विचारनं ऐक. शिमग्याच्या आधी तू मला पत्र टाकलंस, की बाय, यंदा आगोटीची टोपली पाठवू नको, सोसायटीत वासाची तक्रार आलीय, सूनबाईला अवघड होतं. मी लग्न होऊन इथं आले तवापासून पावसाळ्याआधी तुझी टोपली चुकली नाय. यंदा भरलेली टोपली सोडून मी बोंबील पुन्हा डब्यात घातले. बोलले नाय काय. आनि तू माझी टोपली नको म्हनून परक्याचं पाकीट मागवलंस? तेही पैसे मोजून?

त्या पाकिटवाल्याला सोडायचं नाय. सोडलंस तर तुझी टोपली कायमची बंद. मी बोलते तसं करते.

आशीर्वाद हाय, पन सध्या हात आखडता हाय.

मालूबाय


नवीन पनवेल
१७ मे २०२५

ती. मालूबाय हिस, दोन्ही हात जोडून शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पाकीट मी कपाटात कपड्यांखाली ठेवलं होतं, ते बाहेर काढलं आणि तक्रार केली. आता मागे हटणार नाही. म्हणजे हटायचं मनात खूप येतं, पण टोपली आठवते.

त्यांच्या ॲपवर एक बाई उत्तर देते. फार गोड बोलते. मी तिला आधी घरची खुशाली विचारली, मग मुलंबाळं किती ते विचारलं, तर ती दर वेळी माझी गैरसोय झाल्याबद्दल दिलगिरी सांगते. ती बाई नसून यंत्र आहे असं धनेशने सांगितलं तेव्हा मला फार ओशाळल्यासारखं झालं.

यंत्राचं म्हणणं, खाण्याचा माल परत घेत नाहीत. मग खरा माणूस बोलला. त्याचं म्हणणं, माल द्रोणागिरीच्या गोदामातून निघाला आणि द्रोणागिरी करंजाच्या शेजारीच आहे, म्हणून माल करंजाचाच. या हिशेबाने विमानतळाशेजारी राहतो म्हणून मीही वैमानिक झालो. हे मला फोन ठेवल्यावर सुचलं.

धनेश म्हणाला, बाबा, सोडून द्या, एवढ्याशा पाकिटासाठी कोण डोकं लावतं. मनिषाने मात्र पाकीट नाकाशी धरलं आणि म्हणाली, की याला तर वासच नाही, हे कसले बोंबील? मग विचारलं, की आत्याबाईंची टोपली यंदा कशी आली नाही? मी गुडघ्याचा विषय काढला.

तिनेच सरकारच्या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावून दिला. तिथल्या बाई खऱ्या होत्या, मी आधी विचारून घेतलं. त्यांनी सांगितलं, की जाहिरातीत एक आणि हातात दुसरं आलं तर विकणाऱ्याला माल परत घ्यावाच लागतो, परत घेणार नाही ही पाटी अशा वेळी चालत नाही. पाकीट, पावती आणि जाहिरातीचा फोटो जपून ठेवा म्हणाल्या. मग विचारलं, की हे बोंबील त्या आजींच्या हातचे नाहीत हे तुम्ही कशावरून म्हणता? मी सांगितलं, की त्या आजी माझी बहीण आहेत आणि त्या हसत नाहीत. बाईंनी ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, की असा साक्षीदार त्यांना आजवर मिळाला नव्हता, बहिणीचं लेखी मागवून घ्या.

तरीही कंपनीने नाही ऐकलं तर अलिबागला ग्राहक आयोगाकडे जाता येतं, वकील लागतोच असं नाही. मला तेच नको आहे. मी सातवी नापास माणूस, तिथं काय बोलू? चप्पल बाहेर काढायची असते का? तुला ठाऊक असेल तर कळव.

लेखी लवकर पाठव. माझ्यावरचा राग निराळ्या कागदावर लिही, नाहीतर तोही कंपनीकडे जाईल. माया कमी करू नकोस, एवढंच मागणं.

तुझा
काशीराम


करंजा
२२ मे २०२५

चि. काशीराम यास अ. उ. आ.

लेखी मागितलंस, देते. कंपनीला हे दाखव.

मी मालू, राहनार करंजा, लिहून देते की पाकिटावरची बाई मी हाय. मी गोदा नाय. माझं वय पंच्याऐंशी नाय. माझा फोटो मला न विचारता लावला. आतला बोंबील मी वाळवला नाय, निवडला नाय, पाहिला पन नाय. असा बोंबील आमच्याकडे मांजराला टाकायचा तर आधी मांजराची माफी मागतात. फोटोत मी हसत नव्हते. काय बोलत होते ते आयोगाला ऐकायचं असेल तर सांगायला मी अलिबागला येते, माझी पायऱ्यांची सोय करा. खाली अंगठा नाय, सही हाय.

एवढं कंपनीचं झालं. आता तुझं. बुधाजीचा टेम्पो मंगळवारी पनवेलच्या बाजारात येतो. त्याच्याबरोबर टोपली पाठवते. लगेच खूश होऊ नको. माझा राग गेला म्हनून नाय, पुरावा म्हनून पाठवते. खरी जोडी कशी असते त्याचा फोटो काढ आनि त्यांच्या बिनडोक्याच्या बोंबलाशेजारी ठेवून पाठव. निकाल लागेपर्यंत पुराव्याला हात लावायचा नाय. मी मोजून दिलेत असं समज.

आयोगात चप्पल घालून जा. देऊळ नाय ते.

आशीर्वादाचा हात अर्धा सोडलाय. बाकीचा निकालावर.

मालूबाय


नवीन पनवेल
३ जून २०२५

ती. मालूबाय हिच्या चरणी शि. सा. न. वि. वि.

आपण जिंकलो. अलिबागला जावं लागलं नाही.

तुझं लेखी आणि दोन्ही बोंबलांचे फोटो मनिषाने हेल्पलाइनवर आणि कंपनीला पाठवले. तोवर रोज मोबाइल हातात घेऊन मी देवाचं नाव घेत होतो. काल सकाळी कंपनीच्या साहेबाचा फोन आला. आवाज एकदम मऊ. पैसे परत केले, पाकीट न्यायला माणूस पाठवला, जाहिरातीतून तुझा फोटो काढला, आणि तुझ्या नावाने माफीचं पत्र दिलं ते सोबत जोडलं आहे. त्यात तुला श्रीमती मालू लिहिलंय. वय लिहिलेलं नाही, मी दोनदा पाहिलं.

आता पुराव्याबद्दल. पुरावा उरलेला नाही.

रागावण्याआधी वाच. टोपली आल्यापासून मी ती पाच पिशव्यांत गुंडाळून, वर जुनी चादर घालून गॅलरीत ठेवली होती. काल आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी वसुंधराबाई पाण्याच्या टाकीचं काहीतरी विचारायला आल्या. दारातच त्यांनी नाक वर केलं. मी सांगून टाकलं, की हा कायदेशीर पुरावा आहे, दोन-चार दिवसांत हलवतो, शिमग्याच्या वेळी तुम्ही ग्रुपवर उग्र वासाबद्दल लिहिलं होतं ते माझ्या लक्षात आहे. त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, की अहो काका, तो वास गेटजवळच्या गटाराचा होता, दुसऱ्याच दिवशी माणूस बोलावून साफ करून घेतलं, तेही ग्रुपवर लिहिलं होतं. बाय, पुढचं मी वाचलंच नव्हतं. उग्र वास एवढे दोन शब्द वाचले, मोबाइल बंद केला आणि तुला पत्र टाकलं.

वसुंधराबाई मूळच्या मालवणच्या. म्हणाल्या, की चार वर्षं तुमच्या घरातून तळणाचा वास येतो आणि एकदाही ताटली वर आली नाही, तक्रार करायची तर ती करीन.

मनिषा मागे उभी राहून सगळं ऐकत होती. तिला अवघड होतं हेही मीच तुला लिहिलं होतं. ती बिचारी काही बोलली नव्हती. मला वाटलं तिला वाटत असेल. तिने चादर काढली, पाचही पिशव्या सोडल्या आणि कढई ठेवली. निकाल तेव्हा लागून गेला होता, हे नमूद करतो. पहिली ताटली वर गेली. उरलेल्यांत धनेशने माझ्यापेक्षा दोन जास्त खाल्ले आणि म्हणाला, बरं झालं केस लढलो.

परत आलेले पैसे तुला पाठवू का? की त्यानेही तुला राग येईल? विचारून ठेवतो.

चूक माझी एकट्याची आहे. तुझी माया आटली नसेल तर तसं एका ओळीत कळव, म्हणजे मला औषधाची गोळी घ्यावी लागणार नाही.

तुझा
काशीराम


करंजा
८ जून २०२५

चि. काशीराम यास मालूबायचे अ. उ. आ. आनि एक तक्रार.

माफीचं पत्र वाचलं. बंदरावर सगळ्यांना वाचून दाखवलं. लिलावाला मी उभीच असते, खुर्चीचं कोनी नाव काढलं नाय.

आता तुझ्याच कायद्याने मी तुझ्यावर तक्रार करते. तुझा जन्म झाला तवा आईने तुला माझ्या मांडीवर ठेवला आनि सांगितलं, की हा मोठा होऊन तुझ्या पाठीशी उभा राहील, कोनाला भिनार नाय. वर्नन असं होतं. हातात आला तो गटाराच्या वासाला भिऊन बहिनीची टोपली नको म्हननारा. वर्ननाशी काय पन जुळत नाय. परत करावा तर घेनारी गेली. बदलून मागावा तर आईने तो एकच काढला होता. तवा हाय तसा ठेवून घेते. मीठ न लावलेला हाय, एवढं बरं.

पैसे नकोत. त्यांचं गोड काय तरी घेऊन मनिषाला दे. तिने पिशव्या सोडल्या म्हनून.

रिकामी टोपली मात्र तू स्वतः घेऊन ये, बुधाजीबरोबर पाठवायची नाय. एसटीत मांडीवर ठेवायची, वर चादर नाय घालायची. वास येतो असं कोन बोललं तर सांगायचं, बहिनीकडे चाललोय, भरून आनायला.

आशीर्वादाचा हात आता पुरा सोडलाय. आलास की पाठीत एक बसेल, तो त्याच हाताचा.

मालूबाय
वय शहात्तर, तेही पुरं नाय