शेपटीखालची घोडी

नाना,

परवा खंडेनवमीला हँगरमध्ये सगळ्यांची हत्यारं पूजेला मांडली, तेव्हा मी तुमची काचेची बरणीही मांडली. पाने, पकडी आणि मधेच ही! एका पोरानं विचारलं, मॅडम, लोणचं घालायचंय का? मी म्हटलं, मुकाट्यानं कुंकू लाव. रोज सकाळी विमानाच्या पंखातलं थोडं पेट्रोल तुम्ही तिच्यात काढायचात आणि उन्हाकडं धरायचात. निळ्या पेट्रोलच्या तळाशी पाण्याचा एक थेंब जरी दिसला, तरी विमान जागचं हलायचं नाही, मग उडायला शिकायला आलेला पोरगा कितीही पाय आपटू दे. साताऱ्याकडच्या त्या माळावरची सकाळ अजून मला त्या निळ्या रंगाचीच आठवते.

मी तासगावची, बेदाण्याच्या शेडवर वाढलेली, हातात नवाकोरा डिप्लोमा. तुम्ही वडूजचे, हवाई दलातनं निवृत्त होऊन वर्कशॉप सांभाळणारे. मला वाटलं होतं, बाई म्हणून हा माणूस मला कागदांच्या कामावर बसवणार. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलंत, "तुज्या बापाच्या दोनचाकी ट्रॉलीत द्राक्षाचं सगळं क्रेट मागंच रचलं तर काय हुतंय?" मी म्हटलं, पुढचा हूक वर येतो. "मग झालं की. इंजिन काढलं की इमान तसंच मागं बसतंय. म्हनून शेपटीखाली घोडी." ती घोडी म्हणजे लोखंडी टेका, कमरेइतका उंच, लाल रंगाचा. विमानाचा तोल मी तिथं शिकले, एका वाक्यात. दुपारी तुमच्या डब्यातली बाजरीची भाकरी आणि माझ्या घरचे बेदाणे, एवढ्यावर आपलं लय बरं चाललं होतं.

त्या वर्षी नवमीच्या आदल्या दिवशी तुमच्या शिरस्त्याप्रमाणं सगळं धुवायला काढलं. मी घोडीही घासली, नवा रंग दिला आणि बाहेर उन्हात वाळत ठेवली. इंजिन जागेवर होतं, तोवर तिचं काही काम नव्हतं. दुपारी ऑफिसातनं निरोप आला, उद्या काम बंद, तर इंजिन आजच उतरवा. तुम्ही पुढं चेन-पुलीपाशी उभे. मी पंखाच्या पलीकडं वाकून, सोडलेल्या नळ्यांना चिठ्ठ्या बांधतेय. तुम्ही विचारता, "मागं घोडी हाय का गं?" आणि मी मान वर न करता म्हणते, "हाय."

इंजिन वीतभर उचललं असेल, तोच पुढचं चाक हवेत गेलं आणि शेपटी दाणकन फरशीवर आपटली. पंखावरच्या झाकणाच्या कडेनं पेट्रोल गळायला लागलं, आणि खाली आपला विजेचा हातदिवा जळत होता. तुम्ही माझी कॉलर धरून मला बाहेर ढकललंत, बाहेरच्या भिंतीवरचा मेन स्विच पाडलात आणि एकटे वाळूच्या बादल्या घेऊन आत गेलात. मी धडपडले, ती नेमकी त्या घोडीशेजारी. कुणाला खरचटलंही नाही.

संध्याकाळी तुम्ही रजिस्टर माझ्यापुढं सरकवलंत. ओरडला नाहीत. "लिही. आपली चूक आपल्या हातानं लिवली म्हंजी ती आपल्यायेवढीच ऱ्हाती." मी लिहिलं, घोडी मीच बाहेर नेली होती. खरं तेच लिहिलं. फक्त तुमचा प्रश्न आणि माझं उत्तर लिहिलं नाही. घोडी विसरणं चाललं असतं. न बघता "हाय" म्हणणाऱ्या पोरीला कुणी ठेवलं नसतं, आणि घरी माझ्या लग्नाची घाई चाललीच होती. चौकशीला आलेल्या साहेबांनी तुम्हाला विचारलं, उचलायच्या आधी खात्री केली होती का? तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी रजिस्टरकडं.

"इचारलं आसंल," तुम्ही म्हणालात. "का इसरलो, काय की."

त्यानंतर तुम्ही एकेक नट तीन-तीनदा चाचपू लागलात. आणि पुढच्या गुढीपाडव्याच्या आत काम सोडलंत, बरणी माझ्या हातात ठेवलीत. आता ध्यान ऱ्हात न्हाई, म्हणालात, कवातरी कुनाचा जीव घेईन. मी बरणी घेतली, नाना. लाज कशी वाटली नाही मला!

मी वडूजला तुम्हाला भेटायला आले होते, तेव्हा सूनबाईंनी चहा केला. तेवढ्या वेळात तुम्ही तीनदा उठून स्वयंपाकघरात गॅस बंद आहे का बघून आलात. सूनबाई हसून म्हणाल्या, मामांना हल्ली काही आठवत नाही. मी बेदाण्यांची पिशवी ठेवली, चहा संपवला आणि बस पकडली.

आता माझ्या हाताखाली वीस माणसं आहेत. कुणी "आहे" म्हटलं, तरी मी जाऊन हात लावून बघते. पोरं वैतागतात, वरचे साहेब कौतुक करतात. खरं काय ते त्यांनाही कळावं, म्हणून हे पत्र तुमच्या सूनबाईंना पाठवायला पाकीट आणलं, पत्ताही घातला. पण ते ड्रॉवरमध्येच राहील, मला माहीत आहे. तिथंही माझी मान वर होत नाही.

तुमचं ध्यान शाबूत होतं, नाना. तुम्ही विचारलं होतं. मला स्वच्छ ऐकू आलं होतं.